कुंदाताई, फोग पाहायला गेलो तेव्हा

कुंदाताई,

दार तोडावं लागलं नाही. खालच्या मजल्यावरच्या मिश्रा भाभींनी त्यांच्याकडची किल्ली फिरवली आणि ते उघडलं. आतून कडी लावलेलीच नव्हती. सकाळचे साडेआठ वाजून गेले तरी दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली पाहून त्या जिना चढून वर आल्या होत्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी शाळेला निघण्याच्या गडबडीत होते. आमच्या नेपियर टाउनपासून तुमच्या अधारतालपर्यंत ऑटोमध्ये मी तुमच्या भावाला, सुधीरना, एकच गोष्ट सांगत होते, कडी आतून असेल, सुताराला फोन करा. पोचलो तर दार सताड उघडं, आणि तुम्ही पलंगावर, कुशीवर, चष्मा उशाशी घडी घालून ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल.

मिश्रा भाभी रडत रडत सांगत होत्या, "दीदी ने फरवरी में ही चाबी दे दी थी मुझे. बोलीं, अब से अंदर से कुंडी नहीं लगाऊँगी, रेखा को फिकर होती है."

त्यांना वाटलं मी हे ऐकून आणखी रडेन. मला रडू आलं नाही. मला तुमचा इतका राग आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. फेब्रुवारीत वाळवंटातून परत आल्यावर तुम्ही ही किल्ली दिलीत, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. आठ महिने मी रोज सकाळी तुम्हाला फोन करत होते. "कशा आहात?" "बरी आहे." "काही हवं?" "काही नको." एवढ्यात आपलं बोलणं संपायचं. त्यात एकदा सांगता आलं असतं ना, रेखा, तू बोललीस ते मी ऐकलं म्हणून.

आज चौदावा दिवस. घर पाहुण्यांनी रिकामं झालं आहे आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही असताना ते कधी जमलं नाही. भांडायला समोरच्या माणसानं काहीतरी म्हणावं लागतं. तुम्ही म्हणायच्या, "चालेल."

सदतीस वर्षं मी हे ऐकलं. कोणती भाजी करू? कोणतीही चालेल. साडी निवडा ना आधी. तुम्ही घ्या, उरेल ती चालेल. पंखा लावू का बंद करू? जसा असेल तसा चालेल. माणसाला वाटतं असा माणूस घरात असणं म्हणजे सुख. तसं नसतं हो. तुमच्या मनात काय आहे ते ओळखायचं काम आमच्या डोक्यावर, आणि ओळखायला चुकलो तरी तुमच्या चेहऱ्यावर काही दिसणार नाही. मी लग्न होऊन अमरावतीहून जबलपूरला आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची. रागावणाऱ्या नणंदेशी कसं वागायचं ते आईनं शिकवलं होतं. काहीच न म्हणणाऱ्या नणंदेशी कसं वागायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

पण त्याच शब्दानं तुम्ही माझं आयुष्य लावून दिलंत, हेही मी विसरलेले नाही. मला शाळेत नोकरी करायची होती आणि सासूबाई नाही म्हणत होत्या. सगळे जेवायला बसलो होतो. सुधीर मान खाली घालून जेवत होते. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "चालेल की. सकाळचा स्वयंपाक मी करीन." ऑफिस करून तुम्ही सहा वर्षं सकाळचा स्वयंपाक केलात. मी आभार मानायला आले तर म्हणालात, "काहून? मला लवकर जाग येते." जाग येत नव्हती. तुम्ही गजर लावायच्या आणि घड्याळ उशीखाली ठेवायच्या, म्हणजे आवाज आम्हाला येऊ नये. मला ते फार उशिरा कळलं. तुमचं सगळंच मला उशिरा कळत आलं.

तुमच्या ऑफिसचंही तसंच. तुम्ही जंगलखात्याच्या एका संग्रहात काम करता, एवढंच आम्हाला माहीत. एकदा तुमचा डबा घरी राहिला म्हणून मी तिथे आले आणि तुम्हाला कामावर पाहिलं. लांबलचक टेबल, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि तुम्ही एका वाळलेल्या फांदीला जाड पांढऱ्या कागदावर सुईदोऱ्यानं टाके घालत होतात. वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवलेली झाडं देशभरातून तुमच्याकडे यायची. ती तुम्ही कागदावर चिकटवायच्या, जाड देठ शिवायच्या, गळालेलं बी कागदाच्या छोट्या पाकिटात घालून कोपऱ्यात लावायच्या. खाली उजवीकडे चिठ्ठी. तिच्यावर झाडाचं नाव, गाव, आणि ते कुणी तोडलं त्याचं नाव. शिवणारीचं नाव नसायचं. मी म्हटलं, "ताई, तुमचं नाव कुठाय?" तुम्ही हसलात आणि दोरा दातानं तोडलात.

तेहतीस वर्षं तुम्ही ते केलंत. तेव्हा मी एकदाही विचारलं नाही की यातलं कोणतं झाड उभं असलेलं तुम्ही पाहिलंय. सुचलंच नाही.

गेल्या पौषात तुम्ही आमच्याकडे आला होतात. मी मटार सोलत होते, टीव्हीवर वाळवंटाचं काहीतरी चाललं होतं. पडद्यावर वाळूच्या टेकडीवर एक खराट्यासारखं झुडूप आलं आणि तुम्ही एकदम म्हणालात, "अगं, फोग. हा असा उभा असतो होय?"

मी म्हटलं, "काय?"

आणि तुम्ही बोलायला लागलात. फोगाला पानं जवळजवळ नसतात. डहाळी सुतळीसारखी, पण वाळली की काच मोडावी तशी मोडते, म्हणून तिला दर दोन बोटांवर टाका घालावा लागतो. जोधपूरकडून पेट्या यायच्या तेव्हा त्यात फोग हमखास असायचा. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर, विरळ. "माथ्यावर म्हणजे नेमका कुठं असेल, मी नेहमी विचार करायची," तुम्ही म्हणालात. "आणि वारा एवढा, तर पडत कसा नाही?" तुम्ही दहा मिनिटं बोललात, ताई. मी मटार सोलायचे थांबले होते.

रात्रीच्या जेवणानंतर मी सुधीरना सांगितलं की ताईंना वाळवंट पाहायचंय. ते खूश झाले. म्हणाले, "तू घेऊन जा तिला. आणि तिथं निवांत बोल. माझं ती ऐकून नाही राहिली. तुझं ऐकेल."

काय बोलायचं ते वेगळं सांगावं लागलं नाही. त्याच्या आदल्या पावसाळ्यात तुम्ही न्हाणीघरात चक्कर येऊन पडला होतात, कपाळाला टाके पडले होते, आणि ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून आमचं चाललं होतं की तुम्ही निवृत्त होताना घेतलेलं अधारतालचं घर बंद करून आमच्याकडे राहायला यावं. मागची खोली रंगवून घेतली होती. तुम्ही खोली पाहिलीत, रंग छान आहे म्हणालात आणि संध्याकाळच्या ऑटोनं घरी गेलात. यायचं का, तर "बघू." चालेल म्हणाला नाहीत. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्या गोष्टीला तुम्ही चालेल म्हणाला नाहीत, अशी तुमच्या आयुष्यातली ती बहुधा एकच गोष्ट होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपण निघालो. जबलपूरहून अजमेर, तिथून जोधपूर, मग जैसलमेर. मला वाटलं होतं प्रवासात तुम्ही मोकळ्या व्हाल. प्रत्येक स्टेशनवर मी विचारलं चहा घेणार का, तुम्ही म्हणालात, तू घेत असशील तर. जोधपूरच्या हॉटेलात वेटर वही घेऊन उभा, आणि तुम्ही म्हणताय, "रेखा घेईल तेच." मी वैतागून दोघींसाठी दालखिचडी सांगितली. मला स्वतःला पराठा खायचा होता.

जैसलमेरला पोचलो आणि पहिलाच दिवस वाया गेला. आपल्याला जायचं होतं ते राखीव वन शहरापासून दीड तासावर, सीमेच्या बाजूला. त्याची परवानगी शहरातल्या कचेरीतून काढायची होती. ड्रायव्हर भंवरजी आपल्याला तिथे घेऊन गेले. बाबूंनी ओळखपत्र मागितलं.

"तुमचं आधार कार्ड?" मी विचारलं.

"घरी आहे," तुम्ही म्हणालात.

"घरी काहून?"

"प्रवासात हरवलं असतं तर?"

भंवरजींनी तोंड फिरवून हसू लपवलं. मला हसू येत नव्हतं. तुमच्या घराची किल्ली आमच्या घरी. सुधीर ऑफिसातून घरी गेले, किल्ली घेऊन अधारतालला गेले, तुमचं कपाट उपसलं आणि मोबाइलवर कार्डाचा फोटो पाठवला. तोवर चार वाजले होते. बाबू म्हणाले, आता उद्याच्या तारखेचीच परवानगी मिळेल. आपली परतीची गाडी उद्याच संध्याकाळी पावणेपाचला होती.

भंवरजी म्हणाले, "बहनजी, आज आपको दूसरे धोरों पे ले चलता हूँ, जहाँ सब जाते हैं. ऊँट भी है, नाच-गाना भी." धोरा म्हणजे वाळूची टेकडी. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "चालेल." आपण गेलो. उंटांची रांग, कर्णे लावलेले तंबू, वाळूत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कणसांची बुरकुंडं. लोकांच्या पावलांनी टेकडी अशी तुडवली होती की तिच्यावर गवताची काडी नव्हती. तुम्ही एका बाजूला पदर डोक्यावर घेऊन उभ्या होतात. मी विचारलं, "कसं वाटतंय?" तुम्ही म्हणालात, "छान आहे." तुम्हाला ते मुळीच छान वाटत नव्हतं. मला इतकं कळत होतं आणि तरी तुम्ही खरं सांगत नव्हतात. मी चिडून उंटावर बसले. मला उंटावर बसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नऊला आपण वनाच्या फाटकाशी होतो. तिथला वनरक्षक पुढे भंवरजींशेजारी बसला. त्याच्या गळ्यात दुर्बीण होती. वाळवंट म्हणजे सगळीकडे वाळू अशी माझी समजूत. इथे मैलोन्‌मैल पिवळं गवत, मधे खडकाळ माळ, कुठे बोरीची काटेरी झुडपं, आणि टेकड्या पार क्षितिजाशी, म्हशी बसाव्यात तशा. आवाज म्हणून फक्त वारा. चिंकारा हरणांची एक टोळी आपल्याकडे पाहत उभी राहिली आणि निघून गेली.

वनरक्षकाला आपल्याला माळढोक दाखवायचा होता. इथे येणारा प्रत्येक जण तोच पक्षी पाहायला येतो. त्यानं एका ठिकाणी गाडी थांबवली आणि आपण तास-सव्वा तास गप्प बसून राहिलो. अखेर त्यानं माझ्या हातात दुर्बीण दिली. दूर गवतात एक उंच पांढरी मान सरळ उभी होती, तिच्यावर काळी टोपी. ती हळूहळू चालत होती. मी पाहिलं आणि तुम्हाला द्यायला वळले, तर तुम्ही गाडीत नव्हतात. पलीकडच्या बाजूला उकिडव्या बसून गवताच्या एका बुंध्याला हात लावत होतात.

"ताई, पक्षी. लवकर."

"हे सेवण आहे बघ, रेखा," तुम्ही म्हणालात. "केवढं उंच होतं. आमच्याकडे मोडून तीन घड्या करून यायचं."

तुम्ही उठून येईपर्यंत माळढोक गवतात दिसेनासा झाला. वनरक्षक हळहळला. लोक चार चार वेळा येतात आणि त्यांना दिसत नाही, म्हणाला. तुम्ही त्याला विचारलंत, "भैया, फोग कहाँ मिलेगा?"

त्याला वाटलं त्यानं चुकीचं ऐकलं. "फोग? वो तो बकरी खाती है, मैडम."

"वही देखना है."

टेकड्यांपाशी पोचेतो साडेबारा झाले होते. भंवरजी आणि वनरक्षक खाली गाडीच्या सावलीत बसले आणि आपण दोघी चढलो. वाळूत पाऊल टाकलं की अर्धं मागे सरकत होतं. सदुसष्ट वर्षांच्या तुम्ही चपला हातात घेऊन माझ्यापुढे चढत होतात. मी मागून ओरडत होते, सावकाश, चक्कर येईल. तुम्ही थांबला नाहीत. माझं न ऐकण्याची तुमची ती पहिलीच वेळ असेल.

माथ्याच्या जरा अलीकडे तो उभा होता. छातीएवढा, हिरवट राखाडी, दोऱ्यांचा गुंता उभा करून ठेवल्यासारखा. त्याला बारीक गुलाबीसर पांढरी फुलं आली होती. एका अंगानं वाळू त्याच्या कमरेपर्यंत साचली होती. दुसऱ्या अंगाची वाऱ्यानं उडवून नेली होती, आणि तिथे त्याची मुळं उघडी पडली होती. दोरखंडासारखी लांब, टेकडीच्या उतारावरून पार खालपर्यंत गेलेली. तुम्ही वाळूत बसलात आणि एका मुळावर तळवा ठेवलात.

"आमच्याकडे वीतभर डहाळी यायची," तुम्ही म्हणालात. "मूळ कधी आलं नाही. हे एवढं असतं, हे लिहिलेलंच नसायचं."

मग तुम्ही ते मूळ हातानं चाचपत उतारावर सरकत गेलात, कुठवर जातंय ते पाहायला. केसांत वाळू, साडी गुडघ्यापर्यंत. मी तुम्हाला असं कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. आणि मी मूर्खासारखी समजले की हीच बोलायची वेळ.

मी तुमच्याशेजारी बसले. म्हटलं, "ताई, आता परत गेलो की सामान आवरू. होळी आमच्याकडेच करा. मागची खोली तयार आहे."

तुम्ही मुळावरचा हात काढला नाहीत. "रेखा, मी नाही येणार," तुम्ही म्हणालात.

इतकं सरळ. मी म्हटलं, "काहून?"

"माझं घर आहे ते."

"दोन खोल्या आहेत, ताई. तिथे आहे काय?"

"मी आहे ना."

मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "सुधीरनं सांगितलं का तुला, इथं बोल म्हणून?"

"नाही," मी म्हणाले.

"अच्छा," तुम्ही म्हणालात, आणि परत फोगाकडे पाहायला लागलात. खोटं पकडलं गेलं की माणूस आणखी जोरात बोलतो. मी बोलत सुटले. तुम्ही पडलात तर आम्हाला तिसऱ्या दिवशी कळतं. तुम्हाला काही झालं तर दार तोडून आत यावं लागेल, तेव्हा आम्ही कुठल्या तोंडानं उभं राहायचं? लोक काय म्हणतील, भाऊ-भावजय गावात असून म्हातारी एकटी मेली. हो, म्हातारी म्हणाले मी. हे सगळं मी त्या फुललेल्या झुडपाशेजारी बसून तुम्हाला सुनावलं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. वारा सुटला होता आणि आपल्या दोघींच्या पायांवर वाळूचा पातळ थर बसत चालला होता. मग तुम्ही म्हणालात, "रेखा, एक सांगू? तू खाली जा. गाडीत बस. मी इथं अर्धा तास बसते. मग येते."

सदतीस वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मी घड्याळात पाहिलं. एक वाजत आला होता. मी म्हटलं, "नाही ताई, गाडी चुकेल. हॉटेलातून सामान घ्यायचंय. पुढच्या वर्षी येऊ, चांगले चार दिवस ठेवून येऊ."

तुम्ही फोगाकडे पाहिलंत. उठलात, साडी झटकलीत. "चालेल," तुम्ही म्हणालात.

स्टेशनवर आपण चारला पोचलो आणि गाडी दोन तास उशिरा असल्याचं कळलं. फलाटावरच्या एका बाकावर आपण दोघी बसलो होतो. तुम्ही एक टोमणा मारायला हवा होता, ताई. कुणीही मारला असता. मी वाट पाहत होते. तुम्ही मारला असतात तर मी रडले असते, माफी मागितली असती, आणि ते तिथेच संपलं असतं. तुम्ही पर्समधून संत्रं काढलंत, सोललंत, अर्ध्याहून जास्त फोडी माझ्या हातात ठेवल्यात आणि म्हणालात, "गोड आहे, नाही?"

त्यानंतर आपण त्या टेकडीबद्दल कधी बोललो नाही. तुम्ही पूर्वीसारख्याच रविवारी जेवायला येत राहिलात. घराचा विषय आम्ही काढला नाही. मला वाटलं, तुम्ही दुखावल्या आहात. किल्लीचं मला काय माहीत? तुम्ही तुमचं घर सोडणार नव्हता, आणि माझी भीतीही तुम्हाला वाऱ्यावर सोडायची नव्हती, म्हणून तुम्ही कडी लावायची सोडलीत. एकट्या बाईनं, अधारतालसारख्या ठिकाणी, आठ महिने आतून कडी न लावता झोपायचं. मला हे कळतं तर मी दुसऱ्या दिवशी येऊन तुमच्याशी कडाडून भांडले असते. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नसेल.

आणखी एक. तेराव्याला मिश्रा भाभी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दीदी तो फरवरी में फिर जाने वाली थीं न आपके साथ? मुझसे कहा था, चार दिन तुलसी में पानी डाल देना."

चार दिवस. मी टेकडीवरून तुम्हाला उठवताना बोलायचं म्हणून जे बोलले होते, ते तुम्ही धरून बसला होतात. आणि मला आठवलं, ताई. गणपतीनंतरच्या एका रविवारी मी वह्या तपासत होते आणि तुम्ही विचारलंत, "तुझ्या शाळेला फेब्रुवारीत किती सुट्ट्या असतात?" मी मान वर न करता म्हणाले, "बघून सांगते." तुम्ही म्हणालात, "घाई नाही." मी बघितलं नाही. सांगितलं नाही. तुम्ही परत विचारलं नाहीत. दुसऱ्यांदा विचारायला तुमचं काय गेलं असतं? एखादी गोष्ट माणूस दोनदा मागतो, तीनदा मागतो, हट्ट करतो, रुसून बसतो. माझ्या शाळेतली पाचवीतली पोरं हे करतात. तुम्हाला ते कुणी शिकवलंच नव्हतं, आणि आम्ही सगळे त्या न शिकण्यावर आरामात जगलो.

तेराव्याची जेवणं झाल्यावर सगळे बैठकीत बसले होते. सिहोऱ्याहून तुमचे अण्णाकाका आले होते. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "कुंदा देवमाणूस. उभ्या आयुष्यात कुणापाशी काही मागितलं नाही पोरीनं." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमच्या मामी म्हणाल्या, खरंय, असं माणूस होणे नाही. सुधीरनीही मान डोलावली.

मी सुपारीचं तबक घेऊन उभी होते. मी म्हटलं, "मागितलं होतं. माझ्याकडे मागितलं होतं. मी दिलं नाही."

मामींनी माझ्या हातातलं तबक काढून घेतलं आणि म्हणाल्या, "चलो, बस जरा. तेरा दिवसांची दगदग आहे." अण्णाकाकांनी बसची वेळ विचारली. बोलणं दुसरीकडे गेलं.

पाहुणे गेल्यावर सुधीर बैठकीतली सतरंजी गोळा करत होते. मी दिवा लावला. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिनं काय मागितलं होतं?"

"अर्धा तास."

"म्हणजे?"

मी त्यांना टेकडीचं सगळं सांगितलं. तुमचं मुळावर हात ठेवून बसणं, माझं बोलणं, तुमचं विचारणं, माझं खोटं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी चुकली असती, रेखा. तू बरोबर केलंस." मला सांभाळायला म्हणाले. चांगले आहेत तुमचे भाऊ.

"चुकली नसती," मी म्हटलं. "मी तेव्हाच मनात वेळ मोजली होती. अर्धा तास बसल्या असत्या तरी आम्ही गाडीच्या आधी पोचलो असतो."

"मग काहून नाही म्हटलं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःला विचारलं नव्हतं.

"ताईंनी आपल्याकडे यायला नाही म्हटलं," मी म्हणाले. "पहिल्यांदा मला त्या नाही म्हणाल्या. म्हणून मीपण नाही म्हटलं."

सुधीरनी सतरंजीची घडी घातली. ती वाकडी झाली, त्यांनी उलगडली आणि परत घातली. "एवढ्यासाठी?" ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "एवढ्यासाठी."

तुम्हाला हे तिथेच कळलं होतं का, कुंदाताई? साडी झटकत चालेल म्हणालात तेव्हा कळलं होतं का? की तुम्ही खरोखर मानलंत की गाडी चुकेल, आणि पुढच्या वर्षी चार दिवस मिळतील? मला दोन्ही उत्तरं चालली असती. तुम्ही एकही दिलं नाहीत.